स्वतंत्रपूर आणि 'दो आँखें बारह हाथ' : सत्तेच्या मर्यादेचा एक सुटलेला संदर्भ

'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट हिंदी असला, तरी त्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची आहे; आणि त्या कथेचे मूळ औंध संस्थानातील, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या वसाहतीत आहे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु सर्वश्रुत गोष्टींची बहुधा अशी गत होते, की त्या तळटीपेत जाऊन बसतात आणि तेथून पुन्हा वर येत नाहीत. चित्रपटाची चर्चा होते ती त्यातील प्रार्थनेची, बैलाच्या झुंजीची, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाची आणि बर्लिनच्या महोत्सवातील गौरवाची. स्वतंत्रपूरचा उल्लेख 'सत्य घटनेवर आधारित' एवढ्या प्रशस्तिपत्रापुरता होतो. वस्तुतः मूळ प्रयोग आणि त्याचे कलारूप यांच्यात जे अंतर पडले आहे, तेच या कृतीच्या अभ्यासाचे मुख्य स्थान असावयास हवे. ते अंतर घटनांचे नसून विचाराचे आहे. मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी आणि शासनाची सत्ता यांचा संबंध कसा असावा, या प्रश्नाला औंधने एक उत्तर दिले होते. चित्रपटाने त्याच माळावर उभे राहून वेगळेच उत्तर दिले.

प्रथम औंधसंबंधी थोडे. सुमारे पाचशे चौरस मैलांचे आणि बहात्तर गावांचे हे संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ हे त्याचे चार तालुके सातारा, सांगली आणि विजापूर या मुलखांत विखुरलेले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांची ख्याती सूर्यनमस्कारांचे प्रचारक, चित्रकार आणि औंधच्या वस्तुसंग्रहालयाचे संस्थापक अशी आहे. परंतु त्यांचे सर्वांत विलक्षण कृत्य यांपैकी कोणतेच नव्हे. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी आपल्या रयतेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले आणि २१ जानेवारी १९३९ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पकता आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा उत्साह हे तिन्ही होते. घटनेचा पाया गाव हा होता. गावाने पंचायत निवडावयाची, पंचायतींतून तालुक्याचे मंडळ व्हावयाचे आणि त्यातून संस्थानची विधिसभा, असा तिचा चढता क्रम होता. करातला मोठा वाटा आणि न्यायदानाचा काही भाग पंचायतींकडे आला. ज्या काळात बहुतेक संस्थानिक प्रजापरिषदांच्या चळवळी दडपण्यात गुंतले होते, त्या काळात एका राजाने आपले हात आपणच बांधून घ्यावेत, हे नवलच होय.

स्वतंत्रपूरचा जन्म या घटनेच्याच साली, म्हणजे १९३९ मध्ये झाला, हा केवळ योगायोग मानता येत नाही. कल्पना फ्रीडमन यांची मानली जाते. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींबाहेर आणावे, कसावयास जमीन द्यावी आणि बायकामुलांसह घर करून राहू द्यावे, अशी तिची रूपरेषा होती. भिंत नाही, बेडी नाही. राजाच्या जाहीरनाम्यात स्वराज्याची सांगड आत्मसंयमनाशी घातलेली होती. जो स्वतःला आवरू शकतो त्यावर दुसऱ्याने राज्य करण्याचे कारण उरत नाही, हा गांधीविचारातील परिचित सिद्धान्त येथे एकाच वेळी दोन टोकांना लावून पाहिला गेला. एका टोकाला सिंहासनावरचा राजा होता आणि दुसऱ्या टोकाला खुनाची शिक्षा भोगणारा कैदी. राजाने संयम करावयाचा तो सत्तेचा, कैद्याने करावयाचा तो क्रोधाचा. स्वतंत्रपूर समजून घ्यावयाचे तर ही दोन टोके एकत्र पाहणे आवश्यक आहे. त्यांतले एक वगळले की दुसऱ्याचा अर्थ पालटतो.

चित्रपटाने नेमके हेच केले आहे. त्यात राजा नाही, घटना नाही, पंचायत नाही. आदिनाथ हा तरुण तुरुंगाधिकारी वरिष्ठांची परवानगी मिळवून सहा खुनी कैद्यांना एका ओसाड शेतावर नेतो, त्यांच्याबरोबर स्वतः राबतो आणि त्या माळावर पीक उभे करतो. भाजी प्रामाणिक भावाने बाजारात जाते, तेव्हा तेथील दलालाचे हितसंबंध दुखावतात. आणि अखेरीस त्या वैरातून सोडलेल्या मत्त बैलांशी झुंजताना आदिनाथ प्राण सोडतो. कथानक सरळ आहे, रचना भक्कम आहे. माडगूळकरांची शब्दांतली काटकसर आणि शांतारामांची दृश्याची हाव यांचा मेळ येथे जितका जमला आहे, तितका अन्यत्र क्वचितच जमला असेल. परंतु या रचनेचा कणा कोणता, असा प्रश्न केला तर उत्तर शीर्षकातच मिळते. बारा हातांना आवरणारे दोन डोळे, हा तो कणा होय.

चित्रपटभर हे डोळे काम करीत असतात. कैद्यांच्या मनात हिंसा उसळते तेव्हा ती डोळ्यांपुढे विरते. पळून जाण्याची वाट मोकळी असते तेव्हाही पाय मागे वळतात ते त्याच डोळ्यांच्या स्मरणाने. आदिनाथ मेल्यावर देह जातो, डोळे राहतात, आणि कैदी त्यांच्या साक्षीने तेथेच राहून काम करीत राहतात. छायाचित्रणाची सारी शक्ती, जवळून घेतलेली मुखचित्रे आणि काळ्या-पांढऱ्याचा तीव्र विरोध, या एकाच प्रतीकाच्या सेवेला लावलेली आहे. हे प्रतीक प्रभावी आहे यात शंका नाही. प्रश्न असा आहे, की ते कशाचे प्रतीक आहे. सामान्यतः त्याला 'प्रेम' किंवा 'विश्वास' असे उत्तर दिले जाते. पण विश्वास ठेवणारा मनुष्य डोळे मिटू शकतो. किंबहुना डोळे मिटण्याची तयारी हीच विश्वासाची कसोटी होय. ज्याला अखंड पाहात राहावे लागते आणि मेल्यावरही पाहात राहावे लागते, त्याने कैद्यांच्या मनात पेरले आहे ते पहाऱ्याचे भान.

येथे जेरेमी बेंथॅमची आठवण होणे अपरिहार्य आहे. १७९१ साली त्याने एका वर्तुळाकार तुरुंगाचा आराखडा प्रसिद्ध केला. मध्यभागी मनोरा, सभोवार कोठड्या, आणि मनोऱ्यातला पहारेकरी आपल्याकडे पाहतो आहे की नाही हे कैद्याला कधीही न कळण्याची सोय, असे त्याचे स्वरूप होते. बेंथॅमच्या मते यामुळे पहारा स्वस्त होणार होता, कारण पाहिले जाण्याची शंकाच पहाऱ्याचे काम करील. मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने १९७५ साली या आराखड्यात आधुनिक सत्तेचे मर्म पाहिले : दंडा बाहेरून आत जातो आणि मनुष्य स्वतःचाच पहारेकरी होतो. आदिनाथच्या शेतावर मनोरा नाही, हे खरे. मनोरा नाही म्हणूनच डोळे इतके मोठे करावे लागले. भिंती काढून टाकलेल्या या तुरुंगात सत्ता कमी झालेली नसून ती अधिक सूक्ष्म झाली आहे, असा निष्कर्ष काढला तर तो आदिनाथच्या सद्‌हेतूवर अन्याय ठरेल काय? तसे वाटत नाही. सद्‌हेतूचा आणि सत्तेच्या स्वरूपाचा विचार वेगवेगळा करावयास हवा. राज्यशास्त्रात ही सवय जुनी आहे. साहित्यसमीक्षेत ती अद्याप पुरती रुजलेली नाही. चांगल्या माणसाच्या हाती आली की सत्ता चांगली, असे मानण्याकडे आपल्या कथावाङ्मयाचा कल आहे, आणि आपल्या चित्रपटांचा तर तो स्वभावच आहे.

मूळ स्वतंत्रपूरमध्ये कैद्याला बांधून ठेवणारी गोष्ट कोणती होती? घर, शेत, बायको, मुले, उद्याची पेरणी. ज्या गोष्टी कोणाही शेतकऱ्याला त्याच्या जागी बांधून ठेवतात त्याच. पळून जावे तर कोठे आणि कशासाठी, हा प्रश्न तेथे कैद्याने स्वतःला विचारावयाचा होता आणि त्याचे उत्तर अधिकाऱ्याच्या नजरेत शोधावयाचे नव्हते. चित्रपटात मात्र सहा पुरुष आणि त्यांचा एक अधिकारी यांची वस्ती आहे. खेळणी विकणारी चंपा येते-जाते, गाणे गाते. पण वस्तीचे घर होत नाही. घरांची वसाहत मठासारखी झाली, आणि मठ म्हटला की तेथे गुरू आलाच. गुरूची दृष्टी पडल्याने शिष्याचा उद्धार होतो, ही कल्पना संतपरंपरेत वाढलेल्या मराठी मनाला सहज पटणारी. माडगूळकरांना ती अधिकच जवळची असणार. परंतु गुरुशिष्यसंबंधात शिष्य आपण होऊन शरण जातो. येथे शिष्यांच्या पायांत आधी बेड्या होत्या, आणि गुरूच्या अंगावर सरकारी गणवेश होता. हा भेद चित्रपट विसरावयास लावतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. मराठीत तुरुंगाचे वाङ्मय विपुल आहे, पण ते बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या कैद्याने लिहिले आहे. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर १८८२ साली टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले आणि त्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिले. टिळकांनी मंडालेत 'गीतारहस्य' लिहिले, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. या वाङ्मयात कैद्याची विवेकबुद्धी शासनाहून वरची आहे हे गृहीतच आहे. शासन तिच्यापुढे आरोपी म्हणून उभे असते. खुनी कैद्याच्या बाबतीत हे गृहीत उलटते. त्याला विवेकबुद्धी नाहीच, ती त्याच्यात बाहेरून घालावयाची आहे, असे आपण सहज मानून चालतो. चित्रपटही तेच मानतो. त्याचे सहा कैदी नावाने आणि चेहऱ्याने वेगळे आहेत. पण त्यांच्या अंतःकरणाचा स्वतंत्र इतिहास प्रेक्षकाला फारसा कळत नाही. त्यांपैकी कोणी आदिनाथला विवेकानेच 'नाही' म्हणाला असता तर? आज्ञा मोडण्याचा हक्क जिला नाही, तिला विवेकबुद्धी म्हणता येईल काय? आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचून जो व्यक्तिस्वातंत्र्याचा आग्रह मराठीत आणला, त्याची खरी परीक्षा सत्याग्रह्याच्या कोठडीत होत नाही. ती या सहा जणांच्या शेतावर होते, कारण येथे स्वातंत्र्य मागणाराला कोणाचीही सहानुभूती आयती मिळत नाही.

तुलनेसाठी दूर जाण्याची गरज नाही. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) याच मुलखाची, याच संस्थानी काळाची आणि त्याच घरातल्या धाकट्या भावाची कादंबरी आहे. औंध संस्थानचा एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. तोही एका अर्थी सरकारी माणूस, सुधारणा घेऊन आलेला. परंतु कादंबरी त्याला आदिनाथ होऊ देत नाही. वाडीवर कारभाऱ्याचा अधिकार त्याच्याआधीपासून आहे, वाडीची न्यायअन्यायाची रीत तिची स्वतःची आहे आणि मास्तराला ती हळूहळू, पुष्कळदा चुकत, समजून घ्यावी लागते. आनंदा रामोशी हा चोर आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. मास्तर त्याला सुधारावयास निघत नाही. त्याच्याशी त्याचे माणुसकीचे नाते जडते, इतकेच. तालीम बांधून होते, तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब येतात आणि निघून जातात. राजाचे हे निघून जाणे कादंबरीत फार स्वाभाविक रीतीने आले आहे, त्याला कोणतेही प्रतीकात्मक वजन दिलेले नाही. तरीही औंधच्या राज्यघटनेतला जो भाव चित्रपटातून निसटला, तो येथे सापडतो. सत्ता येथे येते, कौतुक करते आणि वाट सोडते. पुढे दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते, आणि मास्तराजवळ ते थांबविण्याचे कोणतेही सामर्थ्य नसते. कथेतला सरकारी माणूस इतका असमर्थ दाखविण्याचे धैर्य थोरल्या भावाच्या पटकथेत नाही. पडद्याला नायक लागतो ही सबब खरी आहे, परंतु ती पुरेशी नाही.

औंधच्या प्रयोगाचा गौरव करताना त्याच्या उणिवा झाकण्याचे मात्र कारण नाही. तेथील स्वराज्य रयतेने झगडून मिळविलेले नव्हते, ते राजाने दिलेले होते. आणि दिलेली वस्तू देणाऱ्याच्या मर्जीची आठवण सोडत नाही. स्वतंत्रपूरच्या कैद्याचे स्वातंत्र्यही असेच दान होते. शिवाय संस्थानावर ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता होती, तिची मर्यादा राजाच्या घटनेत लिहून होण्यासारखी नव्हती. म्हणजे चित्रपटातले दोन डोळे अगदीच निराधार नाहीत. औंधमध्येही एक वत्सल दृष्टी सर्वांवर होती. फरक असा, की त्या दृष्टीने आपल्या अधिकाराला कायद्याचे कुंपण घालून घेतले होते, आणि राजा बदलला तरी ते कुंपण टिकावे अशी योजना होती. आदिनाथने असे काहीच केलेले नाही. तो मेल्यावर त्याच्या प्रयोगाचे काय, या प्रश्नाला चित्रपटाकडे आकाशातल्या डोळ्यांवाचून उत्तर नाही.

औंधच्याच कुंडल तालुक्यात, घटना अमलात आल्यावर चारपाच वर्षांत, सत्तेचा आणखी एक प्रयोग झाला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत, प्रतिसरकार चालले. जी. डी. बापू लाड हे कुंडलचेच. औंधच्या हद्दीत भूमिगतांना आसरा मिळत असे. प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगाव तंटे सोडवीत, सावकारांना आणि गुंडांना आवर घालीत. लोकांनी ते सरकार आपले मानले याबद्दल दुमत नाही. परंतु गुन्हेगाराच्या तळपायांवर मार देण्याची त्याची शिक्षा इतकी गाजली, की 'पत्री सरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. स्वतंत्रपूर हा भिंतींवाचूनचा तुरुंग होता, प्रतिसरकार हे तुरुंगावाचूनचे सरकार होते. ज्या सरकारला कोठडी नाही त्याची शिक्षा शरीरावर, अब्रूवर किंवा घरादारावरच पडणार. भूमिगत अवस्थेत दुसरा उपाय कोणता होता, असे विचारता येईल आणि ते रास्तही आहे. तरी शिक्षा देणाऱ्या हाताला कोणती मर्यादा होती, हा प्रश्न उरतोच. गावाची संमती ही मोठी मर्यादा होती. पण ज्याच्या विरुद्ध सारे गाव एक झाले आहे, त्या एकट्या माणसाला तिचा काय उपयोग? औंधची घटना, प्रतिसरकार आणि चित्रपटातले शेत या तीन ठिकाणी सत्ता अनुक्रमे राजाची, लोकांची आणि एका सज्जनाची आहे. एकट्या माणसाला सत्तेपासून जपण्याचा विचार लिखित स्वरूपात केला गेला तो त्यांपैकी पहिल्या ठिकाणी, आणि वाङ्मयाने व लोकस्मृतीने सर्वांत कमी आठवण ठेवली तीही पहिल्याचीच.

याचे कारण वाङ्मयीन आहे काय, हे पाहण्यासारखे आहे. प्रतिसरकारला पोवाडे मिळाले, कारण त्यात पराक्रम आहे. आदिनाथला चित्रपट मिळाला, कारण त्यात बलिदान आहे. सत्ता सोडून देण्याच्या कृतीत दिसण्यासारखे काय असते? एक कागद, काही कलमे, सही, आणि नंतर पंचायतीच्या लांबलेल्या बैठका. सत्तेचा त्याग करणारे राजे आपल्या पुराणांत आहेत, पण ते वनात जातात. राजवाड्यात राहून अधिकाराला कलमे लावून घेणारा राजा पुराणाला ठाऊक नाही. अप्पासाहेब पंतांनी १९८९ साली इंग्रजीत आपल्या वडिलांच्या या प्रयोगाची हकीकत लिहिली. इंदिरा रोदरमुंड यांचा अभ्यासग्रंथ १९८३ चा, तोही इंग्रजीत. मराठी कादंबरीने आणि नाटकाने या विषयाकडे वळण्याइतके त्यात नाट्य नाही, असे समजले गेले असावे. परंतु पंचायतीत निवडून आलेला पंच कालपर्यंत ज्याच्यापुढे मान वर करीत नव्हता त्याचा निवाडा करावयास बसतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल? स्वतंत्रपूरच्या कैद्याची पत्नी नवऱ्याच्या शिक्षेत आपण होऊन वाटेकरी होते, तेव्हा ती कोणत्या विवेकाने होते? या प्रश्नांत नाट्य नाही असे कोण म्हणेल?

आदिनाथची भूमिका शांतारामांनी स्वतः केली, आणि बैलाशी झुंजण्याच्या दृश्याच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. या अपघाताची कथा चित्रपटाच्या प्रसिद्धीचा भाग होऊन गेली आहे. त्यामुळे डोळ्यांच्या प्रतीकाला जी भावनिक पुष्टी मिळाली ती कलाबाह्य असली, तरी प्रेक्षकाच्या मनातून वेगळी काढणे कठीण आहे. समीक्षेने ती वेगळी काढली पाहिजे.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाबरोबर १९३९ ची राज्यघटना संपली, गावापासून विधिसभेपर्यंतची तिची रचना संपली, आणि औंध व आटपाडी हे दोन निरनिराळ्या जिल्ह्यांत गेले. स्वतंत्रपूर तेवढे राहिले. तुरुंग खात्याच्या व्यवस्थेखाली खुली वसाहत म्हणून ते पुढे चालू राहिले, आणि कैद्याने कुटुंबासह राहावे, जमीन कसावी, हा मूळ क्रम तेथे टिकला.